नळीच्या तोंडावरचं टोपण

दाजी,

तुमची पत्र्याची पेटी अक्कानं दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्यापुढं आणून ठेवली. पदरानं वरची धूळ पुसली आणि म्हणाली, "सदाला द्या म्हनलं हुतं त्येंनी." मी ती मांडीवर घेऊन एसटीनं कराडला आणली, वर्कशॉपात लेथशेजारच्या फळीवर ठेवली आणि उघडली नाही. एक अख्खी रात्र आणि निम्मा दिवस. येता-जाता तिच्याकडं बघत होतो आणि काम केल्याचं नाटक करत होतो. तुम्ही असता तर म्हणाला असता, मेव्हणं, पेटी हाय ती, नाग न्हवं.

आत काय असणार हे मला ठाऊक होतं, म्हणूनच हात धजत नव्हता.

मेव्हण्यानं दाजींवर लिहायचं म्हणजे थट्टेनं सुरुवात व्हायला पाहिजे. आपलं नातंच तसलं. लग्नात मी तुमचा बूट पळवला आणि तुम्ही एका पायात बूट घालून जेवायला बसला, पण मागितला म्हणून नाही. शेवटी मीच आणून दिला. तेव्हाच मला कळायला हवं होतं की हा माणूस मागून काही घेणार नाही.

तुम्ही पेन्शनीवर आलात तेव्हा माझ्या वर्कशॉपाला पुरतं वर्षही झालं नव्हतं. एक जुना लेथ, एक ग्राइंडर आणि माझा तोरा, एवढंच भांडवल. पहिल्याच दिवशी तुम्ही दारात उभे राहून मी कापत असलेला शाफ्ट बघत राहिलात. मशीन थांबलं तसं पुढं येऊन त्यावरून नुसता अंगठा फिरवलात आणि म्हणालात, मधे फुगलाय. मी चिडून मायक्रोमीटर लावला. फुगला होता. केसाच्या निम्म्यानं, पण फुगला होता. त्या दिवसापासून मी तुमच्यावर रुसलो आणि त्याच दिवसापासून तुमचा झालो.

पलटणीत तुम्ही आर्मरर होता. बाकीच्यांनी बंदुका चालवल्या, तुम्ही त्या नीट केल्या. आपल्या भागात घराआड एक फौजी. पाराशी बसलं की कुणी हिमालयातलं सांगतो, कुणी एकाहत्तरचं सांगतो, आणि तुमची पाळी आली की वरच्या आळीचे सुभेदार हटकून हसायचे. "ह्यानं काय सांगायचं? आमी बंदुका चालवल्या, ह्यानं पुसल्या." तुम्हीही हसायचात. मला ते हसणं खरं वाटायचं. अक्काला वाटत नव्हतं. ती म्हणायची, पारावरनं आले की घोटभर पाणीबी मागत न्हाईत.

एसएलआर रायफलीची ती गोष्ट तुम्ही मला किती वेळा सांगितली असेल? कुठल्याशा ठाण्यावर एक कोवळा जवान होता, त्याची एक गोळी जागेवर लागत नव्हती. तीन दिवस उन्हात पळवला त्याला. चौथ्या दिवशी बंदूक तुमच्याकडं आली. एसएलआरच्या नळीच्या तोंडाशी जाळ लपवायला एक चिरांचं टोपण असतं, ते तुम्ही दोन बोटांनी धरून हलवलंत, तर खुळखुळलं. आटा सैल झालेला. तुम्ही ते बसवून दिलंत आणि पोराच्या पाचही गोळ्या जागेवर. गोष्टीच्या शेवटी तुम्ही दर वेळी तेच म्हणायचात: "मानसाला शिव्या द्यायच्या आदी बंदुकीच्या टोकाला हात लावून बगावा, सदा."

हे वाक्य मी पाच वर्षं खिशात घेऊन हिंडतोय.

मग तुम्ही परवान्यावर ती बारीक नळीची, निशाणीची बंदूक घेतलीत आणि साताऱ्याच्या रायफल क्लबात नाव घातलंत. अक्का म्हणाली, म्हातारपणी हे काय खूळ. मलाच तेवढं तुम्ही खरं सांगितलंत, तेही ऊस तोडायच्या रानात, माझ्याकडं न बघता. जन्मभर दुसऱ्यांच्या बंदुका नीट केल्या. एकदा आपल्या नावानं कागदावर भोकं पडलेली बघायची हायती, म्हणालात. एकदाच. मग सुभेदार काय म्हनंल ते म्हनू दे.

त्याच रानात तुम्ही मला टोपणाचं इंगित शिकवलंत. गोळी सुटते तेव्हा नळी थरथरते, हे मी मानायला तयार नव्हतो. लोखंड कसलं थरथरतंय? तुम्ही एक उभा ऊस बुडाशी धरून हिसडलात, शेंडा लटलटला. मग माझा जेवणाचा डबा फडक्यासकट शेंड्याजवळ आवळून बांधलात आणि परत हिसडलात. ऊस संथ हलला आणि लवकर थांबला. मग गाठ सैल केलीत. आता डबा एकीकडं, ऊस दुसरीकडं, आणि आमटी माझ्या सदऱ्यावर. वजन चांगलं, तुम्ही म्हणालात, पण त्यानं नळीशी एकजीव झालं पाहिजे. घट्ट न्हाई तर नगंच. मी म्हणालो, हे कोरड्या डब्यावर दाखवता आलं नसतं का. म्हणालात, मग तुज्या ध्येनात ऱ्हायलं नसतं.

त्या पावसाळ्यात तीन महिने आपण दर रविवारी तुमच्या बंदुकीसाठी टोपण करत बसलो. ऑइल इंजिनाच्या मोडक्या शाफ्टातून कापलेलं, चार बोटं लांब, पोलादी. नळीला नेम धरायच्या माशीच्या पुढं जे बोटभर तोंड उरतं त्यावर ते चढायचं, पुढचा भाग मोकळा, भोक रुंद, गोळीला कुठं शिवायचं नाही. दोन टोपणं आपण नासवली. पहिलं हातोडी बघितल्याशिवाय चढेना, दुसरं चढायचं पण कानाशी नेऊन हलवलं की बोलायचं. तिसरं हाताच्या दाबानं सावकाश गेलं आणि बसलं ते बसलं. खाली एक बारीक स्क्रू असावा की दोन, यावर आपण इतके भांडलो की अक्कानं दोघांची ताटं झाकून ठेवली आणि स्वतः जेवून घेतलं. शेवटी एकच घातला. माप तुमचं होतं, हात माझा होता. एवढं नेटकं काम मी त्याआधी केलं नव्हतं, आणि खरं सांगू का, त्यानंतरही केलेलं नाही.

आता ते लिहितो जे तुमच्या तोंडावर सांगता आलं नाही.

शेवटचा हात मारायला म्हणून टोपण माझ्याकडं राहिलं होतं. खंडेनवमी आली. वर्कशॉप धुतलं, लेथला झेंडूची माळ घातली, मायक्रोमीटर, पाने, हातोड्या पाटावर मांडल्या. आपल्याकडं वर्षातलं सगळ्यात चांगलं काम पूजेला लेथच्या चकात धरून ठेवायची रीत आहे. मी तुमचं टोपण धरलं. तेलात कालवलेलं कुंकू पाच बोटांनी लावलं. बाहेरून लावलं, आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, करंगळी त्याच्या तोंडात घालून आतूनही एक बोट ओढलं. आतलंच माप तीन महिने जीव खात होतं ना, मग त्यालाच कुंकू नको का? दुसऱ्या दिवशी बाहेरून फडक्यानं लख्ख पुसलं. आतलं विसरलो.

दसऱ्याला गावी आलो. तुम्हाला आपट्याची पानं दिली, पाया पडलो आणि पानांबरोबर टोपण हातात ठेवलं. तुम्ही विचारलंत, "पुसलंय न्हवं?" मी म्हणालो, "व्हय दाजी, पुसलंय." आणि तुम्ही ते तसंच नळीवर चढवलंत. चिंधी घेतली नाहीत, आत डोकावला नाहीत. पलटणीत ब्रिगेडियरनं पुसलेली बंदूक आली तरी तुम्ही परत पुसून घ्यायचात, हे तुम्हीच सांगितलेलं. त्या दिवशी सणाचं, मेव्हण्याच्या हातून आलेलं, म्हणून तुम्ही आयुष्यात एकदाच कुणाच्या शब्दावर विसंबलात.

रविवारी साताऱ्याला क्लबाची नेमबाजीची स्पर्धा. डोंगराच्या पायथ्याचं ते मैदान, कोवळं ऊन, निशाणाच्या पडद्यांमागं मातीचा ढीग. आपल्या गावचे सात-आठ पेन्शनर आले होते, सुभेदार सगळ्यात पुढं. क्लबाच्या साऱ्या बंदुकांची देखभाल तुमच्याकडं द्यायची बोलणी चालली होती, त्यामुळं क्लबाची मंडळीही तुमच्याच मागं येऊन उभी राहिली. तुम्ही पोटावर झोपलात, पाय फाकवलेत, आणि तुमचा चेहरा असा काही निवांत झाला की मला भरून आलं. आधीच्या सरावाच्या पाच गोळ्या मधोमध. पहिल्या कागदाच्या दहा गोळ्यांचं मिळून एकच भोक, चवलीच्या नाण्याएवढं. सुभेदारांनी दुर्बीण डोळ्याला लावली ती काढली नाही.

दुसऱ्या कागदावर सातवी गोळी उजवीकडं वर गेली. मग आठवी, त्याहून वर. तुम्ही थांबलात, श्वास सोडलात, बंदूक परत खांद्याला लावलीत. तिसऱ्या कागदावर गोळ्या माशा बसल्यागत पांगल्या. तुम्ही एकदाच मान वळवून माझ्याकडं बघितलंत. रागानं नाही. मला विचारल्यासारखं. वेळ संपत आली होती, टोपण काढायचं तर परत सराव करून जम बसवायला हवा, तेवढी सवड नव्हती. चौथा कागद तुम्ही पुरा केलात. खालून तिसरा नंबर आला.

तुम्ही उठून टोपणाला दोन बोटं लावलीत. ते खुळखुळलं. स्क्रू सोडून तुम्ही ते उपसलंत आणि बंदूक खोळीत घालेपर्यंत धर म्हणून माझ्या हातात दिलंत. मी आत पाहिलं. एका अंगाला लाल. मला एका क्षणात सगळं कळलं. स्क्रू आवळला तेव्हा मधलं वाळलेलं कुंकू खोटा घट्टपणा दाखवत होतं, गोळ्यांच्या हादऱ्यांनी त्याचा भुगा झाला, आणि टोपण तिथं तेवढ्यापुरतं मोकळं झालं. मी भोकावर अंगठा धरला.

सुभेदार म्हणाले, "पुसनं येगळं आन् चालवनं येगळं, लेका." क्लबातल्या एकानं टोपणाकडं बोट करून विचारलं, हे कुठं करून घेतलं? साखर कारखान्याचं काम नुकतंच मला मिळू लागलं होतं, आणि तिथला फोरमन तुमच्या मागंच उभा होता. मी तोंड उघडणार, निदान मला तसं आठवायला आवडतं, तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "माप माजं चुकलं. पोरानं दिल्या मापानं काम केलंय, त्याचा हात चोख हाय."

मी गप्प बसलो. दाजी, मी गप्प बसलो.

एसटीत तुम्ही ज्वारीचं बोललात, पाण्याच्या पाळीचं बोललात, टोपण तेवढं माझ्याकडनं परत घेऊन मुठीत धरून होता. कराडला मी उतरलो, तुम्ही पुढं गेलात. क्लबाची बोलणी पुन्हा कुणी काढली नाही. ज्याला स्वतःच्या टोपणाचं माप घेता आलं नाही त्याच्या हाती बंदुका कशा द्यायच्या, असं कुणीतरी म्हणाल्याचं माझ्या कानावर आलं. तेव्हाही मी लेथ चालू केला आणि आवाजात ते बुडवलं. तुम्ही पुन्हा नेमबाजीला गेला नाहीत. कारखान्याचं काम मात्र माझ्याकडं वाढत गेलं. आज तीन लेथ आहेत.

मग सुरू झालं आपलं ते पाच वर्षांचं भांडण. नळीच्या तोंडाला काही लावावं की लावू नये. तुम्ही म्हणायचात, नळी मोकळीच बरी, जितकं जास्त लावाल तितकं सैल होणार. मी म्हणायचो, टोपण चांगलंच असतं, नीट बसलं पाहिजे. मग तुम्ही म्हणायचात, "आपलं कुटं नीट बसलं?" आणि मी अक्काकडं चहा मागायचो. दर दिवाळीला, दर जत्रेला तिथंच येऊन गाडी अडायची. अक्का वैतागून म्हणायची, दुसरा इषय न्हाई का रं तुमास्नी. मला आता वाटतं, तुम्ही मुद्दाम मला त्या वाक्यापर्यंत आणून सोडत होता. दार उघडून बाजूला उभं राहावं तसं. मी दर वेळी उंबऱ्यावरून परत फिरलो. पुढच्या दिवाळीला सांगू, असं म्हणत म्हणत पाच दिवाळ्या घालवल्या.

काल दुपारी लेथ बंद करून पेटी उघडली. पेचकस, तेलाची कुपी, चिंध्यांची घडी, नळी साफ करायची फुलथ्रूची दोरी, सगळं कवायतीला उभं केल्यासारखं. तळाशी फलाटीनच्या मऊ कापडात टोपण. बाहेरून तेलानं ओलसर, पाच वर्षांत गंजाचा एक ठिपका नाही. म्हणजे तुम्ही ते वरचेवर काढून पुसत होता. मी उजेडाकडं धरून आत पाहिलं. एका अंगाला लाल तसंच. ज्या माणसानं कुणाच्या नळीत धुळीचा कण ठेवला नाही, त्यानं हे ठेवलं होतं.

मी आतलं माप घ्यायचा मायक्रोमीटर काढला. आधी वाटलं, कशाला. मग कुंकवाची जागा सोडून तीन ठिकाणी माप घेतलं. बरोबर, दाजी. तीनही ठिकाणी तुम्ही दिलेलंच.

आज तेरावा. मांडवात पंगत उठली, पान-सुपारी चालली होती, सुभेदार खांबाला टेकून बसले होते. मी टोपण खिशातून काढून त्यांच्या हातात दिलं आणि सगळ्यांच्या देखत सांगितलं. खंडेनवमी, कुंकू, पुसलंय म्हणालो ते, अंगठा धरला ते. सुभेदारांनी चष्मा लावून आत बघितलं, बराच वेळ. मग म्हणाले, "म्हंजी पैल्या कागदावरली दहाच्या दहा त्याचीच हुती." डोळे पुसले आणि विचारलं, "त्याला ठावं हुतं का रं ह्ये?"

कुंकू दिसलं असणार, पण कधी? माझ्या हातात देण्याआधी, की पुढं कधीतरी पेटी आवरताना? माप माजं चुकलं म्हणालात ते खरंच तसं वाटून, की तिथं उभा असलेला फोरमन बघून? पाच वर्षं तुम्ही माझ्यासाठी ते सोसत होता की नव्हता, एवढंच मला हवं होतं, आणि सांगणारा उरला नव्हता.

आत जाऊन अक्काला विचारलं. ती परातीत राहिलेले लाडू भरत होती. त्या साताऱ्याच्या रविवारी घरी आले तेव्हा काही बोलले का? ती आठवत राहिली. म्हणाली, बोलले न्हाईत, जेवलेबी न्हाईत नीट. मग हात थांबवून म्हणाली, "पर कपाळाला कुंकू हुतं. म्या म्हनलं, आवं, हारून आलासा आन् कपाळाला कुंकू? कुटल्या देवळात गेल्तासा?"

"मग?"

"मग काय. त्ये म्हनले, देवळात न्हाई. मेव्हण्यानं लावलंय."

कराडपर्यंत तुमचं कपाळ कोरं होतं. म्हणजे स्टँडवर मी उतरल्यावर, पुढच्या त्या तासाभराच्या रस्त्यात कधीतरी तुम्ही करंगळी टोपणात घातली असणार. बोटाला लाल लागलं असणार. तेलकट बोट माणूस विजारीला पुसतो, दाजी. तुम्ही ते कपाळाला लावलंत.

टोपण मी परत पेटीत ठेवलंय. बाहेरून तेल दिलं. आतून पुसलेलं नाही, आणि कुणी विचारलं तर आता तसंच सांगेन.